ठराव केलात, आता उत्तर देणारा माणूस नेमा: 'मानवी हक्कांचं शहर' म्हणवणाऱ्या सभागृहाला खुलं पत्र

मा. महापौर, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि आयुक्त यांस,

स. न. वि. वि.

मागच्या सर्वसाधारण सभेत आपण दोन ठराव मंजूर केलेत. आपलं शहर यापुढे 'मानवी हक्कांचं शहर' म्हणून ओळखलं जाईल, हा पहिला. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं रिक्त पद काटकसरीसाठी भरू नये, हा दुसरा. पहिल्यावर तासभर भाषणं झाली, बाकं वाजली, एकमेकांचं अभिनंदन झालं. दुसरा वाचला गेला आणि 'मंजूर, मंजूर' म्हणत पुढचा विषय आला. मी प्रेक्षक सज्जात बसले होते. पहिल्या ठरावाला मीही मनापासून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच्या वेळी खाली सभागृहात बघितलं, कुणाच्या लक्षात आलंय का म्हणून. कुणीही मान वर केली नव्हती. म्हणून हे पत्र.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. असे ठराव आज जगभर होतात आणि ठरावानंतर पुढे काय करायचं, इथे गाडी सगळीकडेच अडते. ज्या सभागृहाला हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, त्यानं ते आपलंच समजावं.

मी २७ वर्षं महापालिकेत लिपिक होते. त्यातली १९ वर्षं नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर गेली. आपल्या भाषणांमध्ये 'हक्क' हा शब्द फार मोठा होऊन आला. मी तो अगदी लहान आकारात पाहिला आहे, अर्जाच्या एका रकान्याएवढा.

एक बाई नळजोडणीचा अर्ज घेऊन आली होती. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मुलगी बोट ठेवून एकेक रकाना मोठ्यानं वाचत होती आणि आई सांगेल ते लिहीत होती. सातव्या रकान्यापाशी ती थांबली. तिथे लिहिलं होतं 'मालमत्ता क्रमांक'. त्यांच्या घराला क्रमांक नव्हता, कारण ती वस्तीच आमच्या नकाशावर नव्हती. मुलीनं काचेतून माझ्याकडे बघून विचारलं, "इथे काय लिहायचं?" मी म्हणाले, "तो रकाना रिकामा चालत नाही." आणि अर्ज परत केला. नोंदवहीत लिहिलं, 'अपूर्ण अर्ज, परत'. अशा अर्जाला आवक क्रमांक पडत नाही. त्यामुळे महिनाअखेरच्या अहवालात आमच्या खिडकीवरचे सगळे अर्ज मुदतीत निकाली निघालेले दिसले.

मी एकही नियम मोडला नव्हता. पण त्या दिवशी त्या घराला पाणी नाकारणारी व्यक्ती मीच होते, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर, निवांत वेळ मिळाल्यावर नीट कळली. पुढे वाचनात आलं की संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०१० रोजी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. बाजूनं १२२ देश, विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. एवढ्या देशांनी हात वर करून मान्य केलेली गोष्ट आमच्याकडे सातव्या रकान्यात अडकते, आणि तो रकाना कुणी ठरवला असं विचारलं तर कार्यालयात कुणालाच सांगता येत नाही. मी विचारलं होतं. "पूर्वीपासून आहे," एवढंच उत्तर मिळालं.

सभेत एका सन्माननीय सदस्यांनी असं मांडलं की मानवी हक्क हा मुळात देशाच्या सरकारचा विषय आहे, आपण फक्त भावना व्यक्त करतो आहोत. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, हे बरोबर नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीनं २००४ सालीच स्पष्ट केलं आहे की राष्ट्रीय, प्रादेशिक किंवा स्थानिक, कुठल्याही पातळीवरच्या शासनसंस्थेच्या कृतीमुळे देशाची जबाबदारी निर्माण होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या सल्लागार समितीनं २०१५ मध्ये खास स्थानिक शासनावर अहवाल दिला. देशानं स्वीकारलेल्या बंधनांतून येणारी कर्तव्यं आपापल्या अधिकारक्षेत्रात पाळणं स्थानिक संस्थांनाही बंधनकारक आहे, असं त्यात म्हटलं आहे. परदेशात जाऊन करारावर सही करणारे वेगळे असतात, हे मान्य. पण पाणी, निवारा, कचरा, दिवाबत्ती, दवाखाना, जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद ही सगळी कामं आपल्याच इमारतीत चालतात. सही खरी ठरायची असेल तर ती इथेच ठरणार.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या रिक्त ठेवलेल्या पदाबद्दल, आणि ही मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आतून पाहिलेली माणसं यावर सहसा बोलत नाहीत.

तक्रार 'निकाली' कशी निघते? एक गृहस्थ कुबड्या घेऊन चालायचे. त्यांच्या भागातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराशी एक उंच पायरी होती. ती काढावी किंवा उतार करावा, एवढीच त्यांची मागणी. पहिल्यांदा तक्रार आली ती 'संबंधित विभागाकडे वर्ग' झाली. वर्ग झाली की आमच्या यादीतून ती गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा 'जागेवर पाहणी केली, स्वच्छतागृह सुरू आहे, तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा पडला. स्वच्छतागृह खरंच सुरू होतं. पायरीबद्दल पाहणी करणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा 'निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर गेलं. अहवालात तिन्ही वेळा एकच शब्द: निकाली. चौथ्यांदा ते गृहस्थ आले नाहीत.

अशी फाइल मागवून घेण्याचा, पुन्हा उघडण्याचा आणि विभागप्रमुखाला लेखी कारण विचारण्याचा अधिकार आपल्या कार्यालयात फक्त एका माणसाला होता, तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ते पद आपण काटकसरीत घालवलंत. हक्कांचं शहर व्हायचं ठरवलं त्याच दिवशी.

मॉन्ट्रियल शहरानं आपली हक्क आणि जबाबदाऱ्यांची सनद २००६ पासून लागू केली. त्या सनदेच्या आधारे कोर्टात दावा लावता येत नाही, हे सनदेतच म्हटलं आहे. मग तिला अर्थ काय? अर्थ असा की शहराचा लोकपाल त्या सनदेवर बोट ठेवून कुठल्याही नागरिकाच्या तक्रारीची चौकशी करू शकतो, आणि सभागृहानं केलेले निर्णयसुद्धा त्याला तपासता येतात. म्हणजे आधी उत्तर मागणारा माणूस पक्का केला, मग सनदेचे शब्द टिकले. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूनं हेच केलं. १९८० च्या मे महिन्यात लष्करी राजवटीविरुद्धच्या उठावात त्या शहरानं आपली माणसं गमावली. हक्क म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना कुणी व्याख्यान देऊन सांगायची गरज नव्हती. तरीही त्यांनी हक्कांविषयीचा स्थानिक कायदा केला, २०१२ मध्ये सनद आणली, प्रगती मोजायला निर्देशक ठरवले आणि लोकपाल नेमला. नुसत्या आठवणीवर त्यांनी भागवलं नाही.

दुसरी तक्रार: आपल्या ठरावात 'करील' हे क्रियापद कुठेच नाही. मी तो दोनदा वाचला. 'प्रोत्साहन देईल', 'प्रयत्नशील राहील', 'कटिबद्ध आहे'. अर्जेंटिनातल्या रोसारिओनं १९९७ साली स्वतःला मानवी हक्कांचं शहर जाहीर केलं, तिथून ही कल्पना सुरू झाली. ऑस्ट्रियातल्या ग्राझनं २००१ मध्ये असाच ठराव केला. त्यांचाही ठराव सुरुवातीला आपल्यासारखाच मोघम असेल, मला त्यात वावगं वाटत नाही. पण ग्राझनं २००७ मध्ये मानवी हक्क सल्लागार मंडळ स्थापन केलं. ते मंडळ शहराच्या स्थितीवर अहवाल काढतं, आणि स्थानिक निवडणुकीच्या प्रचारात कोण कुणाविरुद्ध द्वेष पसरवतं यावरही नजर ठेवतं. पुढाऱ्यांच्या भाषणांवर शहरानंच नेमलेलं मंडळ नजर ठेवतं, याचा आपण सर्वांनी शांतपणे विचार करावा. असं मंडळ नेमायची आपली तयारी आहे का?

तिसरी तक्रार पत्त्याच्या पुराव्याची. ज्याच्याकडे पत्ता नाही त्याला ओळख नाही, ओळख नाही त्याला दवाखान्याचं कार्ड नाही, शाळेत मुलाचं नाव घालताना पुन्हा पत्ता. खिडकीवर बसलेल्या माणसाला हे चक्र रोज दिसतं. स्पेनमध्ये गावात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत होते. त्याच्याकडे देशात राहण्याचे कागद आहेत का, हे त्या नोंदीसाठी बघत नाहीत. बार्सिलोनात तर कायमचा पत्ता नसलेल्या माणसाचीही नोंद करतात. न्यूयॉर्कनं २०१५ पासून शहराचं स्वतःचं ओळखपत्र सुरू केलं. निवारागृहात राहणाऱ्यांनाही ते मिळतं, आणि घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बाईला कार्डावर आपला पत्ता छापू नका असं सांगता येतं. हा शेवटचा बारकावा वाचला तेव्हा मी थबकले. ज्यानं कुणी तो नियम लिहिला, त्यानं नक्की एखाद्या बाईशी बसून बोलल्याशिवाय लिहिला नसणार. आमचे अर्ज बनवताना खिडकीच्या बाहेर उभ्या असणाऱ्या कुणाला बोलावलं गेल्याचं मला २७ वर्षांत आठवत नाही.

चौथी तक्रार सगळ्यांत जड आहे. घरं पाडण्याची.

आपल्या अतिक्रमण विभागाच्या नोटिसा मी टंकलिखित केल्या आहेत. ४८ तासांची मुदत. त्या शुक्रवारी संध्याकाळी दारावर चिकटवल्या जायच्या. शनिवार-रविवार कार्यालय बंद, वकील भेटत नाही, दाद मागायला जागा नाही. सोमवारी सकाळी गाडी. शुक्रवार का, असं मी एकदा साहेबांना विचारलं होतं. "गर्दी जमत नाही," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्याला वरून तारीख आली होती.

दक्षिण आफ्रिकेत १९९९ च्या मे महिन्यात हेच घडलं. केप टाउनजवळच्या वॉलेसडीन भागातली नऊशेच्या आसपास माणसं, त्यात निम्म्याहून जास्त मुलं, एका रिकाम्या खाजगी जमिनीवर झोपड्या बांधून राहत होती. त्यांना हटवण्याचा खर्च नगरपालिकेनं उचलला. ठरल्या तारखेच्या एक दिवस आधीच बुलडोझर आला. झोपड्या पाडून जाळल्या, सामान नष्ट झालं, कित्येकजण तर तेव्हा जागेवरही नव्हते. थंडी-पावसाचे दिवस सुरू होत होते. प्रकरण घटना न्यायालयात गेलं. ४ ऑक्टोबर २००० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की ज्यांच्या डोक्यावर आज रात्री छप्पर नाही अशांसाठी ज्या गृहनिर्माण योजनेत काहीच तरतूद नाही, ती योजना वाजवी म्हणता येणार नाही. हा निकाल जगभर शिकवला जातो. ज्यांच्या नावानं तो ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या. निकाल लागणं आणि घर मिळणं यांच्या मधलं अंतर स्थानिक कार्यालयांनी कापायचं असतं. ते कापलं गेलं नाही.

त्याच न्यायालयानं २००८ मध्ये जोहान्सबर्ग महापालिकेला सांगितलं, इमारत धोकादायक असली तरी तिथल्या माणसांशी आधी खरोखरची, अर्थपूर्ण बोलणी करा. आणि त्याआधी, १९९७ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक हक्कांच्या समितीनं माणसांना राहत्या जागेतून सक्तीनं हटवण्याबद्दलचे नियम लिहून ठेवले आहेत: बाधितांशी सल्लामसलत, पुरेशी पूर्वसूचना, कारवाईच्या वेळी अधिकाऱ्यांची हजेरी, वाईट हवामानात किंवा रात्री कारवाई नको, कायदेशीर मदत, आणि कारवाईमुळे कुणी बेघर होता कामा नये. या यादीतलं आमच्या नोटिशीत काय होतं? तारीख आणि शिक्का.

पाचवी तक्रार थोडक्यात. आपण कामं ठेकेदाराला देता आणि तक्रार आली की 'ठेकेदाराला समज दिली' म्हणता. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या हातात मोजे आहेत का, याची जबाबदारी ठेक्याबरोबर विकली जात नाही.

सहावी, आकड्यांची. आपण किती नळ दिले ते मोजता, कुणाला दिले नाहीत ते मोजत नाही. व्हिएन्नात १९९० च्या दशकात बागांमध्ये कोण खेळतं हे मुलगे-मुली वेगवेगळे मोजून पाहिलं. नऊ वर्षांच्या पुढच्या मुली बागांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र खेळत राहतात, असं दिसलं. मग काही बागांची रचना बदलली, मोठ्या मैदानाचे भाग पाडले, वाटा वाढवल्या, आणि मुली परत आल्या. एरवी 'बाग सर्वांसाठी खुली आहे' हा शेरा कायम राहिला असता. सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण तर अधिक धीर देणारं आहे. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार अमेरिकेनं आजवर मंजूर केलेला नाही. त्या शहरानं १९९८ मध्ये त्याची तत्त्वं स्वतःच्या स्थानिक कायद्यात घातली आणि आपल्या खात्यांना नोकरभरती, अंदाजपत्रक आणि सेवा यांत बायकांच्या वाट्याला काय येतं ते तपासायला लावलं. देशानं मंजुरी दिली नाही, तरी शहर थांबलं नाही. इथे तर आपणच ठराव करून थांबलो आहोत.

"पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. अंदाजपत्रकाचे तक्ते मीही जुळवले आहेत, वर्षअखेरीची ओढाताण मला माहीत आहे. पोर्तो अलेग्रे या ब्राझीलमधल्या शहरानं १९८९ पासून अंदाजपत्रकातला काही भाग वस्त्यांमधल्या सभांमध्ये ठरवायला सुरुवात केली. लोकांनी आधी गटार, पाणी आणि रस्ते मागितले. शहर रातोरात श्रीमंत झालं नव्हतं, खर्चाचा क्रम बदलला होता. आणि मी मागते आहे त्यातल्या निम्म्या गोष्टींना पैसाच लागत नाही. नोटीस शुक्रवारऐवजी सोमवारी लावायला किती खर्च येतो?

माझ्या मागण्या अशा:

१. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं पद तीन महिन्यांत भरा. त्याची नेमणूक सभागृहानं करावी आणि त्याला सभागृहाच्या निर्णयांवरही प्रश्न विचारण्याचा अधिकार द्या.

२. 'निकाली' हा शब्द तक्रारदाराच्या सहीशिवाय वापरू नका. तो समाधानी नसेल तर तक्रार 'प्रलंबित' दाखवा, अहवाल कितीही वाईट दिसो.

३. ठरावाचं उपविधीत, म्हणजे महापालिकेच्या बंधनकारक नियमांत, रूपांतर करा. कोणतं खातं, कोणतं काम, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात असावं. २०११ मध्ये फ्लोरेन्स इथे जगातल्या स्थानिक शासनांच्या संघटनेनं शहरातल्या मानवी हक्कांची जागतिक सनद स्वीकारली. तिच्यात प्रत्येक हक्कापुढे लवकर करायची कामं आणि पुढच्या टप्प्यातली कामं वेगळी दिली आहेत. नमुना तयार आहे, तो आपल्या शहराला बेतून घ्या.

४. पर्यायी निवारा दाखवल्याशिवाय आणि लोकांशी झालेल्या बोलण्याचं इतिवृत्त जोडल्याशिवाय एकही घर पाडू नका. सुट्टीच्या आदल्या दिवशी नोटीस लावणं आजपासून बंद करा.

५. पत्ता नसलेल्या माणसाला नोंद करून घेण्याची पद्धत ठरवा.

६. आवक क्रमांक न देता अर्ज परत करणं थांबवा. परत केलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत आणि कारण ठेवा. दर तीन महिन्यांनी ती यादी सभागृहाच्या पटलावर येऊ द्या. शहर कुणाला नाही म्हणतं, हे आपल्याला कळायला हवं.

मला माहीत आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो ठराव मनापासून केला आहे. भाषण करताना एका नगरसेविकेचा आवाज भरून आला होता, ते खोटं नव्हतं. आणि खिडकीवर आज बसलेल्या मुलामुलींवर माझा राग नाही. त्यांच्या हातात जो अर्ज दिला जातो तोच ते पुढे करतात. म्हणून मी अर्जाबद्दल बोलते आहे.

या पत्रासोबत नळजोडणीच्या अर्जाची एक कोरी प्रत जोडली आहे. मी मागच्या आठवड्यात केंद्रावरून आणली. छपाई नवी आहे, सातवा रकाना तोच आहे. 'मालमत्ता क्रमांक' या शब्दांपुढे मी पेननं लिहिलं आहे: 'नसल्यास, राहता त्या जागेची खूण'. पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी ही दुरुस्ती विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी लेखी विनंती मी सचिव कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे. त्या दिवशी मी प्रेक्षक सज्जात असेन.

आपली नम्र,
नागरी सुविधा केंद्रातली एक निवृत्त लिपिक